डोक्याशी बसणारा डॉक्टर

आमच्या नर्सिंग होममध्ये भूल द्यायला येणारे डॉक्टर स्वतःचे केस स्वतःच कापायचे. हे कोणाला सांगावं लागत नसे, बघणाऱ्याला कळायचंच. डाव्या कानावर पायरी, उजव्या कानावर झुडूप, आणि मागच्या बाजूला, जिथे आरशातही दिसत नाही, तिथे तर सगळी देवाची करणी. हिरवी टोपी चढवली की मग माणसात यायचे. आमच्या आयामावशींना ते बघवेना. त्यांचा पुतण्या लाईन आळीत सलून चालवायचा. "डॉक्टर, एक डाव बसा त्याच्या खुर्चीत," मावशी म्हणाल्या. "पैसे नाय घेणार तो. तेल लावून मालिश करील, शेवटी मान मोडून देईल कडाकडा, बघा कसं हलकं वाटतं." डॉक्टरांनी हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, सबंधच्या सबंध मावशींकडे वळले आणि म्हणाले, "त्याला सांगा, जगात कोणाचीही मान मोडायची नाही. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी नाही." बिचाऱ्या मावशींनी चांगल्या मनाने विचारलं होतं. पुढे कितीतरी दिवस त्या डॉक्टरांशी धड बोलल्या नाहीत.

सबंधच्या सबंध वळणं ही त्यांची रीतच होती. हाक मारली तर नुसता चेहरा वळायचा नाही, खांद्यासकट माणूस वळायचा. रस्ता ओलांडताना आधी पूर्ण डावीकडे तोंड करून उभे राहायचे, मग पूर्ण उजवीकडे, आणि तोवर पहिल्या बाजूने नवीन रिक्षा आलेली असायची. देवळात गेले तर हात जोडायचे, पण वाकायचे नाहीत. माझी आई एकदा दवाखान्यात आली होती, तिलाही उभ्या उभ्या नमस्कार केला. आई घरी येऊन म्हणाली, "शिकला सवरलेला दिसतो, पण ताठा किती!" आमचा स्टाफ पाठीमागे त्यांना 'खांब' म्हणायचा. जिन्यात त्यांची पावलं वाजली की वॉर्डबॉय म्हणायचा, "चला, खांब आला, टेबल लावा."

मी तिथे ऑपरेशन थिएटरची सिस्टर. नर्सिंग होम जुन्या पनवेलात, वडाळे तलावापासून जवळ. वर आमच्या सर्जनचं घर, खाली दवाखाना. डॉक्टर आमच्याकडे नोकरीला नव्हते. तेव्हा गावात भूल देणारे मोजकेच, त्यामुळे सगळेच सर्जन त्यांना केस असेल तसं बोलावून घ्यायचे. सकाळी एका नर्सिंग होममध्ये हर्निया, दुपारी आमच्याकडे सिझेरियन, संध्याकाळी तिसरीकडे कोणाचा तरी मोडलेला पाय. हातात चामडी बॅग घेऊन ते या दवाखान्यातून त्या दवाखान्यात चालत जायचे. रिक्षा नाही, आणि कोणाच्या स्कूटरवर मागे बसणं तर नाहीच. सर्जनने गाडी पाठवली तर परत पाठवायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "या गावातल्या खड्ड्यांना भूल देता येत नाही."

मूळचे ते वऱ्हाडातले. एका दिवसासाठी पनवेलला आले होते, कोणाच्या तरी जागी एक केस करायला. ती केस संपेपर्यंत दुसरी आली. मग राहायला एक खोली घेतली, मग तिला लागून दुसरी, आणि आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. भाऊ होता, तो दूर. दिवाळीत फोन यायचा असं ऐकून होते.

दुसरं वेड तोंडं बघण्याचं. भूल देण्याआधी पेशंटचं तोंड उघडून घसा बघतात, मान मागे किती जाते ते बघतात. श्वासाची नळी सहज जाईल की नाही याचा अंदाज घ्यावा लागतो. पण ते पेशंटचं. हे गृहस्थ वाण्याचंही बघायचे. "जरा आ करा. अजून. जीभ बाहेर." वाणी बापडा साखरेची पुडी हातात धरून आ करायचा. मग घरी जाताना मला सांगायचे, "अवघड आहे हो. मान आखूड, जबडा मागे. याला कधी ऑपरेशन करायची वेळ आली तर आधी मला कळवा." गावातली निम्मी माणसं त्यांना चेहऱ्याने ठाऊक नव्हती, घशाने ठाऊक होती. माझ्या लग्नाच्या रिसेप्शनला आले, स्टेजवर चढले, पाकीट दिलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तोंड उघडा बघू." फोटोग्राफरने तोच फोटो काढला. अल्बममध्ये अजून आहे. नवरा आ करून उभा आणि डॉक्टर पाठीचा कणा सरळ ठेवून, गुडघ्यात वाकून आत बघताहेत.

टेबलावरूनही रोज भांडण. डॉक्टरांना टेबल उंच लागायचं, कारण ते स्वतः खाली वाकत नसत. आमचे सर्जन बुटके. भूल देऊन होईपर्यंत टेबल वर, मग सर्जन "अहो, मला शिडी द्या" म्हणून ओरडायचे, मग टेबल खाली. कधी तेही विसरायचं, आणि सर्जन स्टुलावर उभे राहून कापाकापी करायचे. दोघंही एकमेकांना सोडून दुसऱ्याबरोबर काम करायला तयार नसत, आणि दोघंही एकमेकांबद्दल माझ्याकडे तक्रार करत.

पेशंटला झोपवण्याची त्यांची तऱ्हा मात्र मला फार आवडायची. बाकीचे डॉक्टर आकडे मोजायला लावतात. हे स्वयंपाक विचारायचे. पेशंट टेबलावर घाबरून थरथरत असायचा आणि हे डोक्याशी उभे राहून शांतपणे विचारायचे, "तुमच्याकडे वालाचं बिरडं कसं करतात हो?" बाई सुरुवात करायची: वाल भिजत घालायचे, मोड आले की सोलायचे, कांदा बारीक चिरायचा, मग... आणि मगच्या पुढे झोपायची. पुरुषांना चहा विचारायचे, कारण त्याच्यापुढे त्यांची मजल नसायची. "सिस्टर, या गावातल्या सगळ्या भाज्या मला फोडणीपर्यंत येतात," ते म्हणायचे. "पुढचं काही माहीत नाही." मी पुढचं सांगायला लागले तर हात वर करायचे. म्हणायचे, तुमची पद्धत निराळी, त्या बाईची निराळी, भेसळ नको.

ऑपरेशन झालं की नातेवाईक पेढ्यांचा बॉक्स घेऊन सर्जनच्या केबिनमध्ये. डॉक्टर तोवर बॅग उचलून जिना उतरलेले असायचे. एकदा बाजारात आम्ही दोघं उभे होतो, तेव्हा समोरून एक माणूस आला. आदल्या आठवड्यात या माणसाचा श्वास ऑपरेशनमध्ये अडला होता आणि डॉक्टरांनी घामाघूम होऊन त्याला परत आणला होता. माणूस माझ्याकडे बघून हसला, सिस्टर बऱ्या आहात ना म्हणाला, आणि डॉक्टरांना "जरा सरका" म्हणून पुढे गेला. मला राग आला. डॉक्टर म्हणाले, "त्याची काय चूक? माझं औषध चांगलं चढलं म्हणून तर मी त्याला आठवत नाही." म्हणताना हसले, पण त्या दिवशी वाण्याचा घसा न बघताच दुकानावरून पुढे गेले. मला त्यांच्यासाठी तेव्हा फार वाईट वाटलं.

त्यांचं गुपित मला एक्स-रेच्या खोलीत कळलं. आमच्या शेजारच्या बोळात एक्स-रेवाला होता. पेशंटची फिल्म आणायला मी गेले, तर दार अर्धवट उघडं, आणि आत डॉक्टर खांद्याला फिल्मची पेटी टेकवून बाजूने उभे. एक्स-रेवाला म्हणत होता, "मान खाली... हळू... बस. आता वर... बस बस." ज्या माणसाला मी देवापुढेही मान झुकवताना बघितलं नव्हतं, तो हनुवटी छातीकडे नेत होता, आणि कपाळावरून घामाची धार लागली होती. मी दिसताच म्हणाले, "आता आलाच आहात तर या."

त्यांनी ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "जातं बघितलंय ना? खालच्या तळीत मधोमध खुंटा असतो, वरची तळी त्याच्यावर फिरते. आपल्या मानेचं तसंच. दुसऱ्या मणक्याला वर हाडाचा खुंटा, पहिला मणका त्याच्याभोवती फिरतो, आणि त्याच्यावर आपलं मस्तक. आता माझा खुंटा बघा." मी बघितलं. खुंटा नव्हताच. त्याच्या जागी चिंचोक्याएवढं एक गोल हाड सुटं, अधांतरी दिसत होतं, आणि खाली नुसता बोडका मणका. "ऑस ओडोंटॉइडियम," ते म्हणाले. "काही जण म्हणतात जन्मतःच असतं, काही म्हणतात लहानपणी पडून खुंटा तुटतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मी झाडावरून पडलो होतो, पण झाडावरून काय सगळेच पडतात." कॉलेजात असताना वर्गातल्या मुलांनी गंमत म्हणून एकमेकांचे एक्स-रे काढले, त्यात हे सापडलं होतं. सरांनी ती फिल्म सगळ्या वर्गाला दाखवली आणि म्हणाले, या मुलाला जपा. मुलांनी दोन दिवस जपलं, मग विसरले.

मी विचारलं, "म्हणजे होतं काय याने?"

"बहुतेकांना काहीच होत नाही. म्हातारे होऊन मरतात. पण वरची तळी कधी जोरात सरकली, तर मागून जाणारी नस चेपते. नस म्हणजे हात, पाय, श्वास, सगळं." फिल्म पाकिटात घालत ते म्हणाले, "दरवर्षी काढायची, मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवायची, तळी किती सरकते ते मोजायचं. नस मोकळी असेल तर बघत राहायचं. दाबायला लागली तर पहिला आणि दुसरा मणका स्क्रू घालून कायमचा जोडून टाकायचा. मग मान निम्मीच वळते. माझी तशीही कुठे वळते!"

तेव्हा मला सलूनच्या खुर्चीपासून स्कूटरपर्यंत सगळं एकदम कळलं, आणि त्या 'खांब' शब्दाची लाज वाटली. कोणाला सांगू नका म्हणाले. सर्जन लोकांना कळलं तर केसेस मिळणार नाहीत, आणि बाकीच्यांना कळलं तर ते कीव करतील, ते तर त्याहून वाईट.

अपघाताच्या केसेसमध्ये ते असे का वागतात, तेही मग लक्षात आलं. पळस्पे फाट्याजवळ अपघात व्हायचे आणि जखमी माणूस आमच्याकडे यायचा तो टेम्पोत आडवा टाकून, कोणीतरी मान वर करून त्याला पाणी पाजत. तसा पेशंट दिसला की शांत स्वभावाचे डॉक्टर कोणावरही खेकसायचे. "मान सोडा त्याची! सिस्टर, तुम्ही धरा." मग मी डोक्याशी उभी राहून दोन्ही तळवे पेशंटच्या कानांवर, बोटं खाली मानेपर्यंत, अशी धरायची, आणि कॉलर लागेपर्यंत, फोटो निघेपर्यंत, नळी जाईपर्यंत हलायचं नाही. माझं नाक खाजायचं, पाठ भरून यायची. एकदा भूकंपाचा हलका धक्का बसला, सगळे बाहेर पळाले, आम्ही दोघं तिथेच. ते म्हणाले, "छान धरता हो तुम्ही." एवढीच त्यांनी माझी केलेली स्तुती.

वर्षं गेली. फिल्मा दरवर्षी निघत राहिल्या. मी विचारायचे, ते "जैसे थे" म्हणायचे. मग एका वर्षी म्हणाले नाहीत. तळी पूर्वीपेक्षा जास्त सरकायला लागली होती. मुंबईच्या मोठ्या सर्जनकडे जाऊन आले. त्यांनी स्पष्ट सांगितलं की आता बघत राहण्याची वेळ संपली, जोडून घ्या. तारीखही द्यायला तयार होते.

"मग?" मी विचारलं.

"तिथल्या पोरीने विचारलं, बरोबर कोण येणार?"

"मी येते की."

"तुम्ही याल हो. पण ऑपरेशननंतर आठ-पंधरा दिवस, मग घरी महिनाभर. तुमचं घर, ड्यूटी, मुलं." बॅगेचा पट्टा लावत राहिले. "मी म्हटलं, विचारून सांगतो. मग बाहेर येऊन विचार केला की विचारायचं कोणाला." आणि मोठ्याने हसले, जसा काही विनोदच झाला. मी खूप भांडले. ते "बघू" म्हणाले. त्यांच्या 'बघू'ला काही अंत नव्हता. रोज सकाळी बोटांची टोकं एकमेकांना लावून बघायचे, सगळी हलतात ना, आणि कामाला लागायचे.

अशातच ती बाई आली. उलव्याच्या बाजूच्या गावातली, आगरी, अंगावर सोनं, बरोबर लग्नपत्रिका. रिसेप्शनवर कोणाचं ऐकेना, सरळ थिएटरच्या दारात. "ते डाक्टर कंचे, जे डोक्याशी बसतान?"

तिचं सिझेरियन आमच्याकडे झालं होतं, मुलगा आता लग्नाचा. तेव्हा तिला कमरेत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखालचा भाग बधिर केला होता, म्हणजे ती सगळा वेळ जागी होती. घरची छोटी मिठागरं होती, हातावर पोट होतं, आणि बाई भीतीने गारठली होती. डॉक्टर डोक्याशी बसले आणि नेहमीप्रमाणे विचारलं, खेकड्यांचं, म्हणजे चिंबोऱ्यांचं, कालवण कसं करता? तिने सांगायला घेतलं, आणि झोपलीच नाही. चिंबोऱ्या कशा मोडायच्या, नांग्या कुटून रस कसा काढायचा, खोबरं किती भाजायचं, कोकम कधी घालायचं, शेवटच्या उकळीपर्यंत सगळं सांगितलं, आणि मूल रडलं. पनवेलातली पूर्ण पाककृती डॉक्टरांना एकच यायची, ती हीच. पुढे ते स्वतः रविवारी ती करायचे. मला डबा आणून द्यायचे. खरंच चांगली व्हायची.

"पोटाच्या डाक्टरला मी पेढं दिलं तवा," बाई म्हणाली, "पन हे कदी निंगून गेलं कललंच नाय. आता नाय सोडायची. हलदीला यायचं म्हंजे यायचं. तुमी आल्याबिगर माज्या पोराला हलद नाय लागायची."

डॉक्टर भिंतीला टेकले होते. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा बघितला. कोणीतरी नाव घेऊन उठवल्यासारखा. "तुम्हाला आठवतो मी?" त्यांनी विचारलं.

"आता ह्ये काय विचारनं! तुमी काय माजा हात सोडला होता?"

हळदीला डॉक्टर आणि मी गेलो, सोडायला माझा नवरा. माझ्या नवऱ्याची गाडी, मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि नवऱ्याला सांगितलं, अंडी नेतोय असं समज. ऊन उतरायला आलं होतं. मिठागरं केव्हाच सरकारी संपादनात गेली होती, पैसा आला होता. तिथे आता तीन मजली घर, दारात मांडव, मुलाचे बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामांवर चालणारे ट्रेलर, आणि सगळ्या पोरांच्या अंगावर नवरदेवाचं नाव छापलेले पिवळे टी-शर्ट. बेंजो पार्टी अशी वाजत होती की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. बाईने डॉक्टरांना पहिल्या रांगेत बसवलं. आल्यागेल्याला सांगत होती, "ह्ये बघ, ह्येच ते." म्हाताऱ्या येऊन त्यांच्या गालाला हळद लावत होत्या. त्यांना एक पिवळा टी-शर्टही दिला, तो त्यांनी शर्टावरूनच घातला. मग मुलाला हळद लागली. मी जेवणाचं ताट घ्यायला पलीकडे गेले.

परत वळले तर डॉक्टर खांद्यावर. पोरांनी आधी नवरदेवाला उचलून नाचवला होता, आणि आता त्याच्या शेजारी यांना. हात दोन्हीकडे पसरलेले, गाल पिवळे, केसांची ती झुडपं घामाने चिकटलेली, आणि माणूस तोंड उघडून हसत होता. त्यांना मी असं हसताना आयुष्यात पाहिलं नव्हतं. बेंजोने लय वाढवली, खांदे खाली-वर व्हायला लागले, आणि त्यांचं डोकं पुढे, मागे, पुढे, मागे. मी ताट टाकून ओरडत पळाले. बेंजोपुढे कोणाला ऐकू जाणार?

पसरलेले हात एकदम पडले, कोणी दोरी कापावी तसे. ते मी पाहिलं. पोरांना वाटलं दमले, म्हणून हळूच उतरवलं आणि मांडवातल्या चटईवर निजवलं. मी पोचले तर कोणी कांदा फोडून आणला होता, कोणी पाणी, आणि एक जण त्यांचं डोकं उचलून मांडीवर घ्यायला वाकला होता. डॉक्टर डोळे उघडे ठेवून अगदी बारीक आवाजात म्हणत होते, "हात लावू नका. कोणी हात लावू नका. सिस्टर कुठे आहेत?"

मी त्यांच्या डोक्याशी गुडघे टेकले, कोपरं जमिनीला लावली आणि मान धरली.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण मला नंतर ते सांगायचं नाही. त्यांचं ऑपरेशन झालं. पहिला आणि दुसरा मणका स्क्रू आणि सळ्यांनी जोडला, कमरेच्या हाडाचा तुकडा मध्ये बसवला, तो धरला. पाय आले, चालायला लागले. हात निम्मेच आले. घास घेता यायचा, सदऱ्याची बटणं लागायची पण वेळ लागायचा, आणि घशात नळी घालण्याइतकी पकड पुन्हा आली नाही. बॅग त्यांनी गावात नव्याने आलेल्या भूलतज्ज्ञाला देऊन टाकली. बाईच्या घरून डबा येत राहिला, ट्रेलरवाला मुलगा स्वतः आणायचा. डॉक्टर मीठ जास्त म्हणून तक्रार करायचे आणि सगळं संपवायचे. त्यांच्याकडे येऊन राहा म्हणून बाईने किती सांगितलं, पण ते आपल्या दोन खोल्या सोडून गेले नाहीत. संध्याकाळी तलावाच्या कट्ट्यावर एकटे बसलेले दिसायचे. असे काही वर्षं होते. मागच्या थंडीत झोपेतच गेले. दूधवाल्याकडून मला कळलं. वऱ्हाडातून भाऊ आला, तोही म्हातारा, पण वाकलेला.

तर तो हळदीचा दिवस. अ‍ॅम्ब्युलन्स आली, तिच्यात मानेची कॉलर होती, पण लहान मुलाची. मी म्हटलं, राहू दे, मी धरते. त्यांना फळीवर घेतलं, मी डोक्याशी बसले, आणि आम्ही निघालो. गव्हाण फाट्याला कंटेनरांची रांग लागलेली. पुढे मोटरसायकलींवर पिवळे टी-शर्ट, हळदीच्या तोंडांनी पोरं ट्रेलरवाल्यांना शिव्या घालून बाजूला घेत होती, आणि सायरनपेक्षा त्यांचाच आवाज जास्त होता. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव तळव्यांत येत होता.

"श्वास बरा आहे," डॉक्टर म्हणाले. जणू दुसऱ्या कोणाबद्दल सांगताहेत. "पाय हलताहेत?"

"डावा अंगठा हलला आत्ता."

"खोटं बोलू नका."

"हलला."

मी वरून बघत होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला उलटा दिसत होता. हळद डोळ्यांच्या कोपऱ्यापर्यंत ओघळली होती.

"मला नाही म्हणता आलं असतं, सिस्टर. त्यांनी विचारलं होतं. तो नवरदेव खाली वाकून म्हणाला, घेव का डाक्टर खांद्याव?"

"मग?" मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "मग म्हणायचं ना नाही! तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण असं कोणी विचारलंच नव्हतं कधी."

अ‍ॅम्ब्युलन्स हॉस्पिटलच्या दारात थांबली.

तिथल्या कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होता, शहाणा मुलगा. त्याने भराभर सगळं तपासलं, योग्य मापाची कॉलर आणली, मी मान धरलेली असतानाच ती नीट बसवली, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या, कपाळावरून पट्टा घेतला. "पेशंटबरोबर कोण आहे?" असं त्याने फाईल उघडून विचारलं तेव्हा दारात ती बाई, नवरदेव आणि मागे सगळी पिवळी वरात उभी होती, आणि वॉचमन त्यांना अडवत होता. "आमी हाव!" ती ओरडली. डॉक्टरांना मान वळवून बघता येत नव्हतं, पण आवाज ऐकू गेला असणार, कारण त्यांचे डोळे दाराच्या बाजूला वळले.

"सिस्टर, सोडा आता," तरुण डॉक्टर मला म्हणाला. "मान सुरक्षित आहे. तुमचे हात गेले असतील."

खरोखरच गेले होते. मी बोटं सैल केली.

"राहू द्या जरा," डॉक्टर म्हणाले.

तरुण डॉक्टरला वाटलं त्यांना कळलं नाही. तो समजावून सांगू लागला, सर, कॉलर लागलीय, आता गरज नाही. मी त्याला मानेनेच नको म्हटलं. गरज नाही, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. मी तळवे परत त्यांच्या कानांवर ठेवले. त्यांनी डोळे मिटले, आणि स्कॅनला न्यायला माणूस येईपर्यंत मी तशीच उभी राहिले.